दोन ठोक्यांच्या मधी

पेटीतून आवाज आला तव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कोणाचं तरी बोकड दाराच्या फटीत अडकलंय. "तू ये इथं... घाल हात... तुझा घाल... नायतर मी घालतो..." असं ते बोकड म्हणत होतं, किरटं, नाकातून, शेवटाला चिरकत. खोलीत आम्ही पाच जण. लॅबच्या मॅडम, कडूबा हवालदार, दोन पंच आन् मी. पंचांपैकी एक समोरचा चहावाला होता आन् दुसरा कसलं तरी सर्टिफिकेट कुठं मिळतं ते इचारायला आलेला माणूस. त्याला हवालदारानं दंडाला धरून पंच केला होता. मॅडमनी बटण दाबून बोकड थांबवलं आन् माझ्याकडं वळल्या. "काका, हा आवाज तुमचा आहे का?" आन् मी, बद्रीनाथ, वय चोपन्न, मुक्काम बजाजनगर, पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर, अगदी खरं बोललो. "नाय," म्हणलं. "असा कसा असंल माझा आवाज?"

शब्द माझेच होते. ते पक्कं माहीत होतं, आन् त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. चार महिने झाले, रोज शिफ्टला जाताना गेटापर्यंत मी ते शब्द मनात एकदा म्हणून बघायचो, जसं कोणी घराबाहेर पडताना खिशातली किल्ली चाचपतो. मनातला तो आवाज कसा होता म्हणून सांगू! भरदार. आडात धोंडा टाकल्यावर खालून येतो तसला. उभ्या जन्मात एकदाच मालकाला अरे-तुरे केलं, आन् ते काय ह्या बोकडाच्या आवाजात? आधी लाज वाटली. मंग राग आला. राग कोणावर काढावा ते कळंना, पेटी सरकारी होती. म्हणून म्हणलं, "मॅडम, परत लावा बरं." त्यांनी लावलं. दुसऱ्यांदा ते जास्तच बोकड वाटलं. "तुमच्या पेटीत बिघाड हाये," मी म्हणलं. मॅडम हसणाऱ्यातल्या नव्हत्या, पण ओठाचा एक कोपरा हलला. "पेटी बरोबर आहे, काका. माणसाला स्वतःचा आवाज हाडांमधून पण ऐकू येतो, म्हणून तो जाड वाटतो. बाकीच्यांना कसा वाटतो ते त्याला कळतच नाही." साळूबाईशी, म्हणजे माझ्या बायकोशी, बत्तीस वर्षं संसार झाला. बत्तीस वर्षं मी ह्या आवाजात तिच्यावर डाफरलो, आन् ती बाई एकदाही हसली नाय. केवढं मोठं मन! "म्हणजे तुझाच हाये ना?" कडूबा हवालदारानं मधीच टोचलं. "मी नाय म्हणलोय. नाय म्हणून लिवा." "काय लिवायचं ते आम्ही ठरवू, बद्री. तू निस्ता बोल."

निस्ता बोल. आमच्या शेडमधी निस्तं बोलताच येत नाय. तिथं चौदा प्रेस. डायमधी, म्हणजे साच्यात, पत्रा सरकवायचा, हात मागं घ्यायचा, पाय दाबायचा, ठोका पडतो, जमीन हादरते, जॉब, म्हणजे घडलेला तुकडा, बाहेर. पुन्हा पत्रा. ठोका पडताना देव जरी कानाशी येऊन बोलला तरी ऐकू येणार नाय. म्हणून दोन ठोक्यांच्या मधी जेवढी जागा सापडंल तेवढ्यातच बोलायचं. "भाकर..." ठोका. "आणली का..." ठोका. "कँटीनला येतो..." ठोका. नवीन माणूस आठ दिवस ओरडून ओरडून घसा फोडून घेतो, मंग त्याच्या जिभेलाच कळतं कुठं थांबायचं. सव्वीस वर्षं मी असा तुकड्यातुकड्यांत बोललोय. भांडणं केली, पोरीचं लग्न जमवलं, मेलेल्या माणसाची खबर दिली, सगळं ठोक्यांच्या मधी.

ही शेड तात्यासाहेबांची. तात्यासाहेब मूळचे जमीनवाले. वाळूजकडं कारखाने आले तव्हा त्यांचं रान गेलं, त्यातलाच एक तुकडा त्यांनी प्लॉट म्हणून परत मिळवला आन् वर पत्रे ठोकले. आमचं घराणं मेंढक्याचं. माझा बाप, आप्पा, ह्याच रानात त्यांच्या बापाच्या वावरात मेंढरं बसवायचा. चार दिवस मेंढरं बसली, वावराला लेंड्यांचं खत झालं, की पाटीभर ज्वारी मिळायची. लहानपणी ज्या ढेकळांवर घोंगडं टाकून मी लोळलोय, बरोबर त्याच जागी आज प्रेस नंबर चार उभा हाये. मला ते कळतं, कारण पलीकडचा निंब अजून तिथंच हाये. तव्हा आम्ही त्या घराला लेंड्या द्यायचो, आता जॉब देतो. तव्हा मेंढरं तरी उठून जायची, दुसऱ्याच्या वावरात.

प्रेस नंबर चारवर पुंजाराम होता. माझ्या शेजारचं मशीन. लई जपून वागणारा माणूस. चहाचा कप ठेवायचा तरी आधी जागा हातानं पुसणार, मंग ठेवणार, मंग परत बघणार ठेवला का. प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत असला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण सेन्सर भित्रा. धुळीला पण भितो, घडीघडी मशीन थांबवतो, माल कमी निघतो. म्हणून तात्यासाहेबांनी नंबर चारचा सेन्सर काढून घेतला. पंधरा दिवसांनी पुंजारामच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मंग साहेब लोक बघायला आले, तव्हा सेन्सर जागेवर बसलेला, पुसून-बिसून, नवरदेवासारखा. चौकशीच्या कागदावर लिहून आलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

त्यानंतर आठव्या दिवशी सुपरवायझर चहाला गेला होता. त्याच्या टेबलाला शेडचा एक मोबाईल दोरीनं बांधलेला असतो. इलेक्ट्रिशियनला बोलवायला, पाण्याचा टँकर कुठं अडकला ते इचारायला, कोणीपण वापरतं. मी डाय बदलायची म्हणून उठलो, टेबलाजवळून चाललो होतो, आन् हातानं तो मोबाईल उचलला. हातानंच. माझं तसं काही ठरलेलं नव्हतं. मागं तेरा प्रेस चालू. तात्यासाहेबांचा नंबर लावला आन् इचारलं, सेन्सर कोणी काढला. त्यांनी माणूस ओळखला नाय, पण कामगार हाये एवढं ओळखलं. म्हणाले, "मीच काढायला लावला. माझी शेड, माझं मशीन. माल काय तुझा बाप काढणार? पुंजारामची चूक म्हणून लिहून झालंय, विषय संपला. तू कोण बोलतो रे?" तव्हा मी ते म्हणलो. तू ये, घाल हात, नायतर मी घालतो. मंग मोबाईल ठेवला, दोरी सरळ केली, डाय बदलली. खरं सांगतो, लई बरं वाटत होतं.

तात्यासाहेबांच्या मोबाईलमधी सगळे फोन आपोआप टेप होतात, पुतण्यानं तसं करून दिलेलं. त्यांनी ती अख्खी टेप फिर्यादीला जोडून पोलिसांत दिली. अख्खी! स्वतःचा कबुलीजबाब स्वतःच घडी घालून, वर सही करून दिला. त्यांनी ती टेप दहा वेळा ऐकली म्हणे, पावण्यारावळ्यांना ऐकवली, पण त्यात त्यांना ऐकू यायचा तो फक्त माझा आवाज. आपणही त्यात बोललोय हे मोठ्या माणसाच्या कानात शिरत नाय. पोलिसांनी पण माझंच वाक्य कागदावर उतरवलं, 'हात मशीनमध्ये घालण्याची धमकी'. चौदा जणांतून माझ्यावरच संशय कामून? तर तात्यासाहेब म्हणाले, बोलणारा मेंढक्याचा वाटला. मंग कोर्टाचा हुकूम निघाला, बद्रीनाथच्या आवाजाचा नमुना घ्या, टेपेशी जुळवा.

माझ्या वकिलानं एका मिनिटात सांगितलं, नाय म्हणायचं. आवाज जुळला नाय की ती टेप म्हणजे कचरा, कोण कोणाशी बोललं कोणालाच ठाऊक नाय. शेडमधून सोबत आलेल्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. मंग घरी येताना, उस्मानपुऱ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तव्हा, एकदम ध्यानात आलं. टेप कचरा झाली तर तिच्यातलं तात्यासाहेबांचं वाक्य पण कचराच की. मी सुटलो तर ते बी सुटले. आन् टेप खरी ठरली तर माझी नोकरी गेली, वर केस, पण मंग "मीच काढायला लावला" हे बोलणारा कोण, तो प्रश्न कोणाला तरी पडंल. हे मी कोणालाच बोललो नाय. बोललं की करावं लागतं.

त्यात बन्सी. बन्सी म्हणजे प्रेस नंबर सहावरचा, शेडमधल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडं इलाज असतो आन् इलाजानंतर अडचण दुप्पट होते. "बद्रीभाऊ, आवाजच बिघडवून टाकू. जुळंलच कसा? मशीनचा बाप जुळवू शकत नाय." तारखेच्या आदल्या दिवशी दुपारपासून त्यानं मला चिंचेचा कोळ पाजला, वर बर्फाचा गोळा, वर दोन चमचे गोडं तेल, वर भाजलेले शेंगदाणे, आन् पाणी बंद. मंग छतावर नेऊन तासभर तोंड उघडं ठेवून वाऱ्याकडं बसवलं. साळूबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "ह्याच्यापरीस जीभच कापून द्या की त्या हवालदाराला. डब्यात घालून देते, वर लोणचं ठेवते." "वयनी, तुम्हाला कायद्यातलं कळत नाय." "व्हय, अन् तुला घशातलं कळतं!"

दुसऱ्या दिवशी ह्याच लॅबमधी, ह्याच खुर्चीवर मी तोंड उघडलं आन् निस्ती हवा आली. पंक्चर झाल्यासारखी. मॅडमनी गरम पाणी दिलं, अर्धा तास वाट बघितली, पुन्हा हवा. कडूबा हवालदारानं माझा गळा चाचपून बघितला, जसा काही आवाज आत कुठं तरी लपवून ठेवलाय आन् झडतीत सापडंल. त्याला अहवाल लिहायचा होता. आरोपी आला नाय म्हणावं तर समोर बसलेला. नमुना द्यायला नकार दिला म्हणावं तर मी दोन्ही हात जोडून आऽऽ करत होतो. त्यानं लई येळ पेन चावलं आन् शेवटी लिहिलं, 'आरोपी हजर. आवाज गैरहजर.' खाली शिक्का मारला. कागदाच्या माथ्यावर शहराचं एक नाव, शिक्क्यात दुसरं. शहराचीच ओळख जिथं अशी दोन तोंडांनी चाललीय, तिथं माझ्या एकट्या आवाजाला काय धरून बसलात, असं मला म्हणायचं होतं. पण आवाज गैरहजर होता.

तो नऊ दिवस आला नाय. त्या नऊ दिवसांत मी मुकुंदवाडीला पुंजारामकडं गेलो. तो स्टेशनाच्या बाजूला एका खोलीत राहतो. दारात बसला होता, डाव्या हातानं शर्टाची गुंडी लावायलाय, लागंना. मी पुढं झालो तर म्हणाला, "राहू दे, शिकायलोय." मला बोलता येत नाय म्हणल्यावर तोच बोलत राहिला. बोलणाऱ्यासमोर मुका माणूस बसला की बोलणारा खोल खोल जातो. आधी पोरांचं बोलला, मंग हाताचं, आन् मंग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बद्री, एक इचारू? खरं सांगशील? मला डुलकी लागली होती का रे?" मी मान जोरात हलवली. नाय, नाय. "कागदावर लिवलंय. जावई बी म्हणतो, मामा, तुमचं लक्ष नसंल. आता मलाच वाटायलंय, लागली असंल. डोळे मिटल्याचं आठवत नाय, पण डुलकी लागलेल्याला कुठं आठवतं?" मी परत मान हलवली, हातवारे केले, सेन्सर असा काढला, तारा अशा सोडल्या, बोटं दाखवली. त्यानं माझा हात खाली दाबला. "मान नको हलवू. मान तू दयेनं हलवतो. तोंडानं सांग." आन् माझ्या तोंडात चिंच, बर्फ आन् गोडं तेल! सव्वीस वर्षांत ह्या माणसाशी मी हजारो शब्द बोललो, निम्मे फालतू, आन् ज्या दिवशी एक 'नाय' पाहिजे होतं त्या दिवशी ते गैरहजर. तो उठला, आत गेला. बसताना त्यानं आधी जागा हातानं चाचपली नाय. सरळ बसला, धपकन. तेवढंच मी बघितलं आन् परत आलो. प्रेसनं बोटं घेतली होती. हे दुसरं जे काही गेलं ते त्या कागदानं घेतलं होतं.

तर आता ही दुसरी तारीख, आवाज हजर, आन् मॅडमनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर वाक्यं टाईप केलेली, शेजारी 'आवाज ब'. "तुम्ही ब," त्या म्हणाल्या. "म्हणजे, असाल तर. हे वाचा. नॉर्मल बोला, रोज बोलता तसं." हे लई अवघड सांगितलं त्यांनी. रोज म्हणजे कोणाशी? सुपरवायझरशी बोलताना माझा आवाज बनियनसारखा आत खोचलेला असतो. साळूबाईशी वेगळा, पोरीच्या सासऱ्याशी वेगळा, त्यात जरा साखर असते. देवळात वेगळा. बँकेत तर येतच नाय, खिडकीपलीकडचा माणूस "काय?" म्हणला की मी घरी येतो. ह्यातला नॉर्मल कोणता? एका माणसाच्या गळ्यात एवढे जण राहतात आन् कोर्टानं नमुना मागितलाय एकाचा. मी कागद वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, एका दमात. "तू ये इथं घाल हात तुझा घाल नायतर मी घालतो." मॅडमनी कॉम्प्युटरवर दोन पट्टे लावले, वर टेपेचा, खाली माझा, काळ्या-करड्या रेघारेघांचे, जशी घोंगडी वाळत घातली. वरचे पट्टे तुटक तुटक, माझे सलग. "असे कुठे तोडता, कुठे जोडता, त्यावरून पण माणूस ओळखू येतो," त्या म्हणाल्या. "नुसत्या सुरावरून नाही."

मला आप्पा आठवला. बारव होती एक, तिथं पाण्यावर दोन-दोन, तीन-तीन जणांचे कळप एकदम यायचे आन् असे मिसळायचे की निस्ती लोकर दिसावी. परक्या माणसाला वाटावं, आता हे जन्मात वेगळे होत नाहीत. पाणी पिऊन झालं की आप्पा एका बाजूच्या टेकाडावर जायचा, दुसरा मेंढका दुसऱ्या, आन् दोघं एकदमच हाळी द्यायचे. शब्द दोघांचा एकच. लोकर मधून फाटायची. आमची आमच्याकडं, त्याची त्याच्याकडं. एक मेंढरू चुकायचं नाय. एकदा आप्पाचा घसा बसला होता ताप येऊन, निस्तं घोगरं खरखर निघालं, तरी सगळी आली. त्यांना पंच लागला नाय, हुकूम लागला नाय. आप्पाला एकदा इचारलं होतं, कसं ओळखतात? तर म्हणाला, "खोटं बोलत नाय ना मी त्यांच्याशी. मंग आवाज बदलंल कशाला?" तव्हा वाटलं, म्हातारा काहीपण बोलतो.

"जुळेल असं दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून मोजमाप करावं लागेल, पण वरवर बघता नाही." कडूबा हवालदाराचा चेहरा खुलला. त्याला दोन वाजता जेवायचं असतं. चहावाला पंच उठून उभा राहिला. मी सुटलो होतो. खुर्चीतून उठायचं, सही करायची, खाली रिक्षा. उद्या सकाळी शेड, नंबर तीन, माझं मशीन. शेजारी नंबर चार, त्यावर आता कोणी नवीन माणूस. अंगातून गारगार वाटलं, उन्हातून आल्यावर माठाला हात लागतो तसं, आन् त्या गारव्याची मला एवढी शिसारी आली की मी म्हणून गेलो, "मॅडम, तो आवाज माझाच हाये." हवालदार जागच्या जागी बसला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आधी नाही म्हणालात." "तव्हा ओळखला नाय. आता ओळखला." "तसं चालत नाही, काका. तुमच्या सांगण्यावर नाही जात आम्ही. आवाज जुळला पाहिजे." "आवो, माझाच आवाज, मीच सांगायलोय!" "तुम्ही कोणाला वाचवायला पण सांगत असाल." घ्या! माझ्या आवाजाबद्दल सगळ्यांचं मत चालतं, तात्यासाहेबांचं चालतं, पेटीचं चालतं, फक्त माझं चालत नाय. "बद्री, गप," हवालदार हळूच म्हणाला, आन् खरं तर मायेनं म्हणाला. "सुटलायस. कामून दगडावर डोकं आपटतो? चल, जेवू."

खोलीतला एसी बंद होता, म्हणून दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातून पलीकडं एक कारकून दिसत होता. त्यानं पाकिटांची एक थप्पी पुढं ओढली आन् शिक्के मारायला घेतले. हात वर, ठप. हात वर, ठप. सरकारी माणसाचा हात, ना घाई ना आळस, एकसारखा. मॅडम कागद आवरता आवरता सहज म्हणाल्या, "किती वर्षं झाली कंपनीत?" मी म्हणलं, "सव्वीस..." ठप. "आता काय..." ठप. "निघायचंच..." ठप. "वय झालं..."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, परत माझ्याकडं. मंग टेप लावली. "तू ये इथं..." आन् त्या थांबलेल्या जागेत, मागं, लांब, घुमत, ठोका. चार महिन्यांत कोणी तो ठोका ऐकला नव्हता, सगळ्यांना तो खरखराट वाटला होता. मला माझी जीभ तोंडात जाणवली, एखादं जनावर दाव्याशी उभं असतं तशी. तिला मी शिकवलं नव्हतं, तिनं मला न इचारता ठरवलं होतं कुठं थांबायचं. मी आत्ता गप बसलो असतो तर काम झालं असतं. तोंड मिटून, मान हलवून, सही करून. मान हलवायची मला सवय होती. ठप, पलीकडं. ठप. आन् मंग ते थांबलं.

"कारकूनसाहेब!" मी ओरडलो. "थांबू नका, मारा शिक्के!" कारकून दचकून म्हणाला, "संपली पाकिटं." "कोऱ्यावर मारा!" "अहो, कोऱ्या कागदावर शिक्का मारणं गुन्हा आहे." "मंग टेबलावर मारा, पेपरावर मारा, माझ्या टकलावर मारा, पण हात थांबवू नका!" तो बिचारा मॅडमकडं बघायला लागला. मॅडम माईक माझ्यासमोर सरकवत म्हणाल्या, "मारा हो, वर्तमानपत्रावर मारा." हवालदार "अहो मॅडम, अहो मॅडम" करत उभा राहिला, तोवर ठप सुरू झालं होतं, आन् मी कागद बाजूला सारला. कागदाची गरज नव्हती. "सेन्सर..." ठप. "कोणी काढला..." ठप. बोकडच निघालं गळ्यातून. किरटं, चिरकं, मेंढक्याचं. असू दे. हे बोकड माझं हाये, म्हणलं, ह्याच्या गळ्यात मीच घुंगरू बांधीन. "तू ये इथं..." ठप. "घाल हात..." ठप. "तुझा घाल..." ठप. "नायतर मी घालतो..." कॉम्प्युटरवर खालचे पट्टे तुटायला लागले, वरच्यासारखेच, त्याच जागी. सर्टिफिकेटवाला पंच बोलला, "आयला, जुळलं!" आन् मंग तोंडावर हात ठेवला.

मी थांबलो नाय. पुढचं वाक्य म्हणलं. "मीच काढायला लावला. माझी शेड, माझं मशीन. पुंजारामची चूक म्हणून लिहून झालंय." मॅडम म्हणाल्या, "काका, हे तुमचं नाही. हे 'अ'चं वाक्य आहे." "मंग 'अ' कुठं हाये?" "पोलिसांच्या पत्रात फक्त 'ब'बद्दल विचारलंय." "टेपेत दोघं बोलायलेत. एकाला खुर्चीत बसवलं, घसा तपासला, पंच लावले. दुसरा कामून नाय? त्याच्या घशाला सोनं लागलंय व्हय? तुम्ही लिवा, मॅडम. दोन आवाज हायेत, एकाचा नमुना दिला, दुसऱ्याचा कोणी मागितलाच नाय. एवढं लिवा. खोटं हाये का ह्यात काही?" हवालदार पुढं आला. "मॅडम, हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. तात्यासाहेबांचं नाव ह्यात आणू नका, वर त्यांची ओळख—" मॅडमनी बोट वर केलं. "रेकॉर्डिंग चालू आहे, हवालदार. आता तुमचाही नमुना आला." कडूबा हवालदारानं आपलं तोंड असं मिटलं जसं पाकीट चिकटवतात.

मॅडमनी पडद्यावरच्या त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. वरच्या पट्ट्यात माझ्या तुकड्यांच्या मधी दुसरे तुकडे होते, जाड, सलग, न अडखळता आलेले. घरातून, एसीतून, गादीवरून बोलणाऱ्या माणसाचे. इतके दिवस ते तिथंच होते. त्यांनी पेन घेतलं. "दुसरा आवाज कोणाचा, असं तुमचं म्हणणं आहे? पूर्ण नाव?" मी सांगितलं. बापाच्या नावासकट, गावासकट, प्लॉट नंबरासकट. हवालदार जमिनीकडं बघत पुटपुटला, "बद्री, उद्या गेटावर उभं करणार नायत तुला." "मंग गेटाबाहेर उभा राहीन. बाहेर तर प्रेस पण नाय, सगळं सलग ऐकू जाईल." मंग मी सांगत गेलो. कोणत्या तारखेला इलेक्ट्रिशियन आला, कोणत्या दोन तारा सोडल्या, त्या दिवशी पुंजारामनं किती वाजता तोंड धुतलं, किती वाजता चहा घेतला, त्याचे डोळे कसे टक्क उघडे होते, कारण त्याच वेळी तो मला त्याच्या पोराच्या मार्कांचं सांगत होता आन् शब्द अर्धा राहिला. डुलकी नाय. नाय. नाय. पलीकडचा कारकून शिक्का हातात धरून दारात येऊन उभा राहिला होता, ठप कधीच बंद पडलं होतं, आन् मी मधी न तुटता बोलत होतो.

बऱ्याच येळानं मॅडम म्हणाल्या, "काका, नमुना पुरेसा झाला. बंद करू आता?"

"थांबा की," मी म्हणलं. "आत्ता कुठं आवाज लागलाय."